पापाचे वाटेकरी आणि माफीचा साक्षीदार

अपहरण आणि खून यांच्या खटल्यांत ‘खंडणी’ आणि ‘माफी’ हे दोन शब्द वारंवार भेटतात, परंतु हे दोन्ही शब्द महसुली दफ्तरातही रुळलेले होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठेशाहीच्या कागदपत्रांत खंडणी म्हणजे जिंकलेल्या किंवा धाकाखाली आलेल्या मुलखाकडून ठरवून घेतलेली रक्कम, आणि माफी म्हणजे सरकारचे जे येणे असेल ते सरकारने सोडून देणे. माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यात वसलेल्या सांगोला तालुक्यातील शेतकऱ्याला हा दुसरा अर्थ मुद्दाम शिकवावा लागत नाही; पावसाने ओढ दिलेल्या वर्षांत सारामाफी आणि कर्जमाफी हे शब्द तेथे चावडीपासून घरापर्यंत फिरत आलेले आहेत. या अर्थाने माफी ही अगदी स्वच्छ कल्पना आहे, कारण ज्याचे येणे आहे तोच ते सोडत असतो. खुनाच्या खटल्यात मात्र शासन एखाद्या आरोपीला ‘माफीचा साक्षीदार’ करते तेव्हा प्रश्न अवघड होतो, कारण मारल्या गेलेल्या माणसाचे जे येणे आहे ते शासनाच्या खाती कधी जमा झाले आणि ते सोडण्याचा अधिकार शासनाला कोणी दिला, याचे उत्तर कायद्याच्या कलमात सापडत नाही. ते धर्मशास्त्रात शोधावे लागते.

महाराष्ट्राच्या स्मरणात हा प्रश्न ज्या खटल्याने सर्वांत तीव्रपणे उभा केला तो पुण्याचा जोशी-अभ्यंकर खटला होय. जानेवारी 1976 मध्ये टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी त्या परिसरात हॉटेल चालवणाऱ्या एका व्यावसायिकाच्या मुलाला, आपल्याच ओळखीच्या तरुणाला, फसवून नेले, त्याच्याकडून वडिलांच्या नावाने चिठ्ठी लिहवून घेतली, त्याच रात्री त्याचा गळा आवळला आणि लोखंडी पिंपात घातलेला त्याचा देह पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवला. खंडणीची मागणी वडिलांपर्यंत पोहोचली ती यानंतर. जो जीव परत देण्याचे आमिष त्या मागणीत होते तो मागणीपूर्वीच संपवलेला होता, आणि म्हणून ती खंडणी सौदा म्हणूनही खोटी होती. त्यानंतर 31 ऑक्टोबर रोजी विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघे, 1 डिसेंबर रोजी भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या ‘स्मृती’ बंगल्यातील पाच जण, आणि 23 मार्च 1977 रोजी आणखी एक तरुण असे एकूण दहा जीव या टोळीने घेतले. शेवटच्या तरुणाचा देह शिडीला बांधून नदीत टाकलेला होता. तो वर आला आणि तपासाला धागा मिळाला. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना पुण्याच्या सत्र न्यायालयाने 28 सप्टेंबर 1978 रोजी फाशीची शिक्षा सुनावली, वरिष्ठ न्यायालयांनी ती कायम केली, आणि 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवडा कारागृहात ती अमलात आली. टोळीतील एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला होता; त्याची साक्ष खटल्याच्या आधारांपैकी एक होती, आणि त्याला फाशी झाली नाही.

ही माफी कायद्याच्या दृष्टीने काय आहे, हे आधी नीट पाहिले पाहिजे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 306 व्या कलमानुसार गुन्ह्यात सामील असलेल्या व्यक्तीला, तिला ठाऊक असलेली सर्व हकीकत पूर्ण आणि खरी सांगण्याच्या अटीवर, माफी देऊ करता येत असे. तिने काही दडवले किंवा खोटे सांगितले तर ही माफी टिकत नाही आणि मूळ गुन्ह्याचा खटला तिच्यावर चालू शकतो. 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद राहिली आहे. मात्र साक्षीपुराव्याचा कायदा अशा साथीदाराकडे संशयानेच पाहतो आणि महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र दुजोरा मिळाल्याशिवाय त्याच्या शब्दावर विसंबू नये, असा न्यायालयांचा प्रघात आहे. या सर्व व्यवस्थेत एका गोष्टीची विचारणा कोठेही नाही: माफी मिळालेल्याला पश्चात्ताप झाला आहे काय. कायद्याला सत्य हवे असते आणि त्याची किंमत म्हणून तो शिक्षा सोडतो. हा व्यवहार आवश्यक असू शकतो, कारण गुप्तपणे केलेल्या खुनांचा छडा पुष्कळदा आतल्या माणसाच्या तोंडूनच लागतो. परंतु त्याला क्षमा म्हणणे हा शब्दांचा गोंधळ आहे. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातही हेच घडले. लहान मुलांना पळवून, चोऱ्यांसाठी त्यांचा वापर करून त्यांना ठार मारल्याच्या त्या प्रकरणात रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना 2001 मध्ये फाशीची शिक्षा झाली, दयेच्या अर्जांच्या निर्णयाला झालेल्या विलंबामुळे ती 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, आणि त्यातील एकीचा पती मात्र माफीचा साक्षीदार म्हणून खटल्यातून मोकळा झाला होता.

सांगोल्याहून पंढरपूर तीसेक किलोमीटरवर आहे, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या दिंड्या या तालुक्यातून पुढे जातात. त्या वाटेवर होणाऱ्या कीर्तनांत वाल्याची कथा सांगितली जाते तेव्हा श्रोत्यांना ती आधीच पाठ असते. वाटसरूंना मारून लुटणारा वाल्या दर खुनामागे एक खडा रांजणात टाकतो, सात रांजण भरतात, नारद त्याला विचारतात की ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय, आणि घरी गेल्यावर बायकामुले सांगतात की आमचे पोषण हे तुझे कर्तव्य आहे, पाप तुझे तुलाच. मूळ वाल्मीकिरामायणात ही कथा नाही. अध्यात्मरामायण आणि स्कंदपुराण यांसारख्या उत्तरकालीन ग्रंथांतून ती रूढ झाली, आणि लोककथेने तिला एका कष्टकरी जातीचे नाव चिकटवले, हा त्या जातीवर झालेला अन्यायच आहे. कथेचा गाभा मात्र वाट्याच्या प्रश्नात आहे. 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेचे 34 वे कलम याच्या अगदी उलट बोलत होते असे वाटते: अनेकांनी समान इराद्याने केलेले कृत्य प्रत्येकाने एकट्यानेच केले आहे असे धरावे, म्हणजे गळ्यावरची दोरी कोणाच्या हातात होती हा प्रश्न उरत नाही. एकीकडे पापाला कोणीच वाटेकरी नाही आणि दुसरीकडे सगळेच वाटेकरी आहेत, हा विरोध वरवरचा आहे. आपस्तंब धर्मसूत्राने करविणारा, संमती देणारा आणि प्रत्यक्ष करणारा अशा तिघांनाही कर्मफळाचे भागीदार मानले आहे आणि ज्याचा पुढाकार अधिक त्याला फळही अधिक असे म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेने त्यात ‘अनुग्राहक’, म्हणजे मारणाऱ्याला साहाय्य करणारा, या वर्गाचीही चर्चा केली आहे. मनुस्मृतीने ब्रह्महत्या, सुरापान, चोरी आणि गुरुपत्नीगमन या चार महापातकांच्या जोडीला ‘संसर्ग’, म्हणजे अशा पातक्यांशी सहवास, हेही पाचवे महापातक सांगितले. या सर्वांचा अर्थ असा की पाप वाटले जाते तेव्हा ते वाढत जाते, घटत नाही. पाच जणांनी मिळून केलेल्या खुनात प्रत्येकाच्या नावे एकेक पूर्ण खून लागतो. वाल्याच्या घरच्यांनी नाकारला तो त्याचा भार हलका करणारा वाटा होता, आणि तसा वाटा शास्त्रालाही मान्य नाही.

मग पूर्ण खून नावावर असलेला आणि दंडातून सुटलेला माणूस नेमका कोठे उभा राहतो? येथे याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायातील एक विधान आणि त्यावरील विज्ञानेश्वराचे विवेचन फार मोलाचे आहे. विज्ञानेश्वराने आपली मिताक्षरा ही टीका कल्याणीच्या चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने लिहिली. त्या राजाचा काळ 1076 ते 1126 हा होय. ज्या कलचुरींनी पुढे कल्याणी घेतली त्यांचे मूळ ठाणे सांगोल्याच्या शेजारचे मंगळवेढे हे होते, म्हणजे हा विचार याच मुलखाच्या राजकीय परिघात घडला. याज्ञवल्क्याचे म्हणणे असे की अजाणता झालेले पाप प्रायश्चित्ताने जाते, पण जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत कर्ता केवळ ‘व्यवहार्य’ होतो. व्यवहार्य म्हणजे ज्याच्याशी समाजाने बोलणेचालणे, जेवणखाण, देवघेव करण्यास हरकत नाही असा. विज्ञानेश्वराने हे स्पष्ट करताना पापाच्या दोन शक्ती मानल्या: एक नरक उत्पन्न करणारी, दुसरी समाजव्यवहार अडवणारी. जाणूनबुजून पाप करणाऱ्याचे प्रायश्चित्त दुसरी शक्ती नाहीशी करते, पहिलीला हात लावत नाही.

माफीच्या साक्षीदाराच्या स्थितीचे याहून अचूक वर्णन आधुनिक न्यायशास्त्रात क्वचितच मिळेल. शासनाने त्याला माफी दिली म्हणजे त्याला व्यवहार्य केले. तो नोकरी करू शकतो, घर भाड्याने घेऊ शकतो, लग्नाच्या पंक्तीला बसू शकतो. पापाची पहिली शक्ती शासनाच्या अधिकारात कधीच नव्हती, म्हणून ती सोडून देण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. उलट मनुस्मृतीने जे आणखी एक मत मांडले आहे ते येथे जोडून पाहिले तर चित्र अधिकच कठोर होते, कारण त्या मतानुसार राजाकडून दंड भोगलेले पातकी पुण्यवंतांप्रमाणे निर्मळ होऊन परलोकी जातात. हे मान्य केले तर येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांचा हिशेब मिटला आणि ज्याला जीवदान मिळाले त्याचाच उघडा राहिला, असा निष्कर्ष येतो. या युक्तिवादाने फाशीचे समर्थन होते असे मात्र मुळीच मानता येत नाही. दंडाने अपराधी शुद्ध होतो की नाही, एवढेच हे मत सांगते; मेलेल्या माणसाचे काय, याबद्दल ते गप्प आहे, आणि कोणाला शुद्ध करण्यासाठी जीव घेण्याचा अधिकार शासनाला द्यावा हा विचार स्वीकारण्यासारखा नाही.

दंडाखेरीज दुसरी वाट शास्त्राने दाखवली आहे आणि तिची सुरुवात ‘ख्यापन’ या शब्दाने होते. ख्यापन म्हणजे केलेले पाप स्वतः लोकांत उच्चारून सांगणे. मनुस्मृती पापनाशाच्या उपायांत ख्यापन, अनुताप, तप आणि अध्ययन यांची नावे घेते, आणि ब्रह्मघ्नाने, म्हणजे ब्राह्मणाची हत्या करणाऱ्याने, बारा वर्षे अरण्यात कुटी बांधून, कवटीचे चिन्ह बाळगून, भिक्षेवर राहावे असे सांगते. म्हणजे त्याला पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याचे कृत्य कळलेच पाहिजे. मुनव्वर शाहने कारागृहात लिहिलेले ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे पुस्तक या अर्थाने ख्यापन आहे, कारण त्याने ते लिहिले तेव्हा त्या कबुलीने न्यायालयात मिळवण्यासारखे काही उरलेले नव्हते. माफीच्या साक्षीदाराची कबुली तपशिलांत कदाचित तेवढीच खरी असते, पण ती अनुतापावर अवलंबून नसते. मनात अनुताप असेलही. कायदा तो मोजत नाही आणि मोजू शकत नाही.

क्षमा कोणी करायची, या प्रश्नावर इतर धर्मपरंपरांनी अधिक थेट उत्तरे दिली आहेत. यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथाने माणसाने माणसाविरुद्ध केलेले पाप प्रायश्चित्ताच्या दिवसानेही धुतले जात नाही, त्या माणसाची समजूत काढावी लागते, असे सांगितले आहे. इस्लामी न्यायशास्त्रात खुनाबद्दल प्राणदंड मागण्याचा, भरपाई घेऊन सोडण्याचा किंवा निखळ क्षमा करण्याचा अधिकार मृताच्या वारसांकडे आहे. भारतीय कायद्यात खून हा तडजोडीने मिटवता येणारा गुन्हा नाही आणि राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या दयेच्या अधिकारातही वारसांच्या संमतीची अट नाही. श्रीमंत खुनी गरीब वारसांकडून क्षमा विकत घेईल, ही भीती खरी आहे आणि म्हणून ही रचना योग्यच म्हणावी लागेल. परंतु तिच्यामुळे क्षमेचा प्रश्न सुटत नाही, तो न्यायालयाबाहेर ढकलला जातो. खून हे असे कृत्य आहे की ज्याने क्षमा करायची त्यालाच ते नाहीसे करते. वारस आपल्या दुःखाची क्षमा करू शकतात, मेलेल्याच्या वतीने करू शकत नाहीत.

बौद्ध वाङ्मयातील अंगुलिमालाची कथा येथे वाल्याच्या कथेपेक्षा पुढे जाते. मारलेल्यांच्या बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर बुद्धाच्या भेटीनंतर भिक्षू होतो. त्याला पकडायला निघालेला राजा पसेनदी त्याला भिक्षूच्या वेषात पाहून वस्त्रे आणि भिक्षा देऊ करतो. राज्याच्या दृष्टीने तो व्यवहार्य झाला. पण तो भिक्षेला गेला की लोक ढेकळे, काठ्या आणि दगड मारतात, फुटलेले डोके आणि फाटलेले चीवर घेऊन तो परत येतो, आणि बुद्ध त्याला हे सोसण्यास सांगतात, कारण जे पुढे दीर्घकाळ भोगावे लागले असते तेच तो येथे भोगत आहे. अर्हत झालेल्या, म्हणजे मुक्ती मिळवलेल्या, माणसाच्या अंगावरही दगड पडतात आणि कथा ते दगड अडवत नाही. तप करताना वाल्याभोवती वाढलेल्या वारुळापाशी मात्र त्याने मारलेल्या वाटसरूंचे आप्त कधी दिसत नाहीत, आणि कीर्तनकाराने त्यांना तेथे आणून उभे केले पाहिजे असे वाटल्याशिवाय राहत नाही.

‘स्मृती’ बंगल्यात मारले गेलेले काशिनाथ वासुदेव अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे थोर अभ्यासक होते; संस्कृत व्याकरणाचा त्यांचा पारिभाषिक कोश 1961 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचे व्याकरणमहाभाष्य मराठीत आणले होते. याज्ञवल्क्याच्या वर सांगितलेल्या विधानात एक पाठभेद आहे, आणि तो व्याकरणाचाच आहे. ‘कामतः’, म्हणजे जाणूनबुजून, या शब्दापुढे ‘व्यवहार्य’ आला काय आणि ‘अव्यवहार्य’ आला काय, संधी झाल्यावर कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात, कारण दुसऱ्या पाठातील ‘अ’ आधीच्या ओकारात मिळून जातो आणि लेखनात त्याची खूण म्हणून फक्त अवग्रह उरतो. विज्ञानेश्वराने पहिला पाठ घेतला. काही निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ रचणाऱ्यांनी, दुसरा घेतला आणि असा माणूस प्रायश्चित्तानंतरही व्यवहारास अयोग्यच राहतो असे मानले. शासनाने माफीच्या साक्षीदारापुरता विज्ञानेश्वराचा पाठ स्वीकारला आहे. मेलेल्यांच्या घरच्यांनी कोणता वाचावा, हे त्यांना कोणी सांगू शकत नाही.