नाक्यावर उरलेला माणूस



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय २०:१-१६) प्रभू येशू द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त सांगतो. धनी पहाटेपासून बाजारात जाऊन मजूर आणतो. संध्याकाळी पाचला पुन्हा जातो, तर काही जण तिथेच उभे. आपल्याकडे सकाळी नाक्यावर मजूर उभे राहतात, तसेच ते दृश्य. आम्ही धर्मगुरू प्रवचनात बहुधा सारख्या मजुरीवर बोलतो. आज मला त्या पाच वाजताच्या माणसांजवळ थांबायचे आहे. दिवसभर रिकामे का, असे धन्याने विचारले. त्यांनी सांगितले, कोणी बोलावलेच नाही. धन्याने त्यावर शंका घेतली नाही. सकाळी उशिरा उठलात का, आणखी शिकला का नाहीत, असले काही नाही. मळ्यात चला म्हणाला.

हे मनात का घोळते आहे ते सांगतो. आपल्या धर्मग्रामातील एका गृहस्थाच्या परवानगीने, नाव न सांगता लिहितो. तो एकोणीस वर्षे खेळाच्या वाहिनीसाठी रिप्लेच्या मशीनवर होता. फलंदाज धावबाद झाला की क्षणात अनेक कॅमेऱ्यांतून नेमके चित्र शोधून पडद्यावर आणायचे, हे त्याचे काम. आपण घरी बसून 'आउट, आउट' ओरडतो ते त्याच्या बोटांच्या जोरावर. (मीही क्रिकेटवेडा. सायंकाळच्या मिस्सानंतर पहिला प्रश्न स्कोअरचा असतो, हे वेदीसेवकांना माहीत आहे.) गेल्या पावसाळ्यात एका दुपारी त्याला बैठकीला बोलावले आणि संध्याकाळी त्याचा पास काढून घेतला.

त्याने घरी सांगितले नाही. तीन महिने तो डबा घेऊन नेहमीच्या विरार-चर्चगेट लोकलने जात राहिला. कधी स्टेशनच्या बाकावर, कधी समुद्रावर बसायचा. डबा तिथेच खायचा आणि नेहमीच्या वेळी परतायचा. "फादर," तो म्हणाला, "पैशांची भीती होतीच. पण चर्चच्या आवारात कोणी 'काय चाललंय हल्ली?' विचारलं, तर काय सांगू, याची जास्त होती."

याच तीन महिन्यांत मी त्याला मिस्सानंतर गाठून सणासाठी पाच हजार रुपये मागितले. "तुम्ही टीव्हीवाले, तुम्हाला काय जड?" असे हसून म्हणालो. पुढच्या रविवारी त्याने पाकीट आणून दिले. मी आभार मानले आणि पुढच्या माणसाकडे वळलो.

त्याची कंपनी कोणती, हा प्रश्न नाही. हा वारा सगळ्याच खेळवाहिन्यांत आहे. अमेरिकेत ईएसपीएनने २०१७ च्या एप्रिलमध्ये सुमारे शंभर आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे तीनशे माणसे कमी केली. लोक केबल सोडून मोबाइलवर सामने पाहू लागले, तसा तिथला पैसा आटला. आपल्याकडे स्टार आणि व्हायाकॉम-१८ यांचे विलीनीकरण नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाले. दोन घरांत जे काम होत होते ते एका घरात आले. सुमारे १,१०० जणांच्या नोकऱ्या जातील, अशा बातम्या मार्च २०२५ मध्ये होत्या. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या हक्कांसाठी ४८,३९० कोटी रुपये मोजले गेले. एवढी बोली लावल्यावर काटकसर कुठे होते? बोलीत तर होत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांट वाचला. काही गोष्टींना किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते, हा त्याचा भेद परीक्षेत मी छान लिहिला होता. पोप जॉन पॉल दुसरे यांना तो वेगळ्या रीतीने ठाऊक होता. तरुणपणी त्यांनी दगडाच्या खाणीत काम केले होते. १९८१ च्या परिपत्रकात त्यांनी मांडले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. पोप लिओ चौदावे यांनीही २०२५ मध्ये आपले नाव निवडताना, कामगारांची बाजू १८९१ साली मांडणाऱ्या लिओ तेरावे यांची आठवण केली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कामापुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नांचा उल्लेख केला.

हे सगळे मला माहीत होते. तरी त्या रविवारी मला समोर एक टीव्हीवाला दिसला, माणूस दिसला नाही. तुमच्याही लग्नाच्या मांडवात, ओटीवरच्या गप्पांत पहिला प्रश्न नोकरीचाच असतो. "एवढ्या मोठ्या कंपनीत होता, काहीतरी केलं असेल," हे वाक्य मी आपल्याच आवारात ऐकले आहे. निदान ते तरी थांबवू या.

ज्यांची नोकरी गेली आहे त्यांनी कृपया आधी घरी सांगा. एकट्याला जमत नसेल तर मला बोलवा, मी सोबत बसेन. पीएफ, ग्रॅच्युइटीचे कागद समजत नसतील तर आपल्या धर्मग्रामातील दोन निवृत्त बँक कर्मचारी रविवारी सात वाजताच्या मिस्सानंतर मदतीला बसतील. ज्यांचे दुकान, वर्कशॉप किंवा ऑफिस आहे त्यांनी एखादी जागा असल्यास मला कळवा. पाच वाजले असले तरी चालेल. आणि यंदा सणाची वर्गणी कोणालाही समोर उभे करून मागितली जाणार नाही. पेटी दाराशी ठेवू.

त्या गृहस्थाला अजून कायमची नोकरी नाही. लग्नाचे व्हिडिओ संकलित करण्याचे काम मिळते, तेही हंगामात. मागच्या महिन्यात मी त्याच्या घरी पाच हजार घेऊन गेलो. तो नको म्हणाला. त्याची पत्नी चहा ठेवायला उठली होती, ती दारातूनच म्हणाली, "घ्या हो. फादरांनाही बरं वाटेल." मग त्याने घेतले.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू