न दिसणे आणि नसणे

भूतलावर घट नाही हे ज्ञान नेमके कशाने होते, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. न्यायदर्शन अभावाला स्वतंत्र पदार्थ मानते आणि भूतल डोळ्यांना दिसत असताना घटाचा अभावही प्रत्यक्षानेच कळतो असे सांगते. कुमारिलभट्टांची मीमांसा त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे वेगळे प्रमाण स्वीकारते. प्रभाकरांचे अनुयायी तर अभाव नावाची स्वतंत्र वस्तूच नाकारून रिकाम्या भूतलाच्या ज्ञानावर भागवतात. तरीही न दिसण्यातून नसण्याकडे जाण्यासाठी एक अट नैयायिक आणि भाट्ट, म्हणजे कुमारिलांचे अनुयायी, या दोघांनाही मान्य आहे. जी वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे ग्राह्य धरायचे. अंधारात घट दिसला नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही. या अटीला योग्यानुपलब्धी म्हणतात.

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या सिद्धांतानुसार माहिती टेबलांच्या ओळींत ठेवणाऱ्या प्रणालीला रिलेशनल डेटाबेस म्हणतात, आणि अशा डेटाबेसचा सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रशासकापुढे न दिसण्यावरून नसणे ठरवण्याचा हाच प्रश्न वारंवार येतो. पैसे भरल्याची नोंद सापडत नाही अशी तक्रार येते, तो क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, चालवतो आणि उत्तरादाखल शून्य ओळी येतात. मात्र मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या नेहमीच्या मांडणीत ट्रान्झॅक्शनमधील, म्हणजे एकसंध मानल्या गेलेल्या व्यवहारातील, पहिल्या वाचनालाच डेटाबेसची त्या क्षणाची स्थिती गोठवली जाते. त्यानंतर दुसऱ्या कोणी पक्की केलेली नोंद त्याच व्यवहारात साध्या क्वेरीने कितीही वेळा शोधली तरी दिसत नाही. क्वेरी मुख्य सर्व्हरऐवजी त्याच्या मागून चालणाऱ्या प्रतीवर गेली असेल, तर नोंद तिथे पोहोचायचीच बाकी असू शकते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत ओळींच्या पातळीवर सुरक्षेचे नियम लावले असतील, तर अधिकार नसलेल्या वाचकाला त्या ओळी वगळून, त्रुटीचा संदेश न देता, उत्तर दिले जाते.

यांहून बोधक प्रकार इंडेक्सचा आहे. इंडेक्स ही ओळी चटकन सापडाव्यात म्हणून वेगळी राखलेली क्रमवार सूची असते, आणि मजकुराच्या बाबतीत हा क्रम पोस्टग्रेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या नियमांवरून ठरवतो. लिनक्सच्या ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २०१८ सालच्या २.२८ या आवृत्तीत हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, त्यामुळे सिस्टिम अद्ययावत झाली तरी जुन्या क्रमाने रचलेले इंडेक्स तसेच राहू शकत होते. अशा वेळी सर्व्हर नव्या नियमाने जिथे शोधतो तिथे ओळ नसते आणि तो निःशंकपणे शून्य हे उत्तर देतो, पण इंडेक्स बाजूला ठेवून अख्खे टेबल वाचायला लावले की तीच ओळ सापडते. इंडेक्स पुन्हा बांधल्याने दोष निघतो. तथापि तत्त्वचिंतकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की येथे अंधार नव्हता, अधिकाराचा अडथळा नव्हता, फक्त पाहण्याच्या साधनावरील विश्वास तपासलेला नव्हता. योग्यता ही वस्तूची तशी साधनाचीही असावी लागते, आणि घटाच्या उदाहरणात डोळे निर्दोष गृहीत धरलेले असल्याने ही बाजू सहज नजरेआड होते.

ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, या आक्षेपाला दहाव्या शतकातील नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात याच अटीच्या आधारे उत्तर दिले: ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगाच नसल्याने त्याचे न दिसणे हे त्याच्या अभावाचे प्रमाण होत नाही. हे उत्तर आक्षेप परतवते, पण ईश्वर सिद्ध करीत नाही. उदयनांना याची जाणीव होती, म्हणूनच जग हे कार्य असल्याने त्याला कर्ता असला पाहिजे, यांसारखी अनुमाने त्यांनी स्वतंत्रपणे मांडली. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या कामकाजाच्या नोंदवहीत, धीम्या क्वेरीची एकही नोंद नाही यावरून सर्व्हर सुरळीत आहे असे म्हणणारा प्रशासक आक्षेपकाचीच चूक करतो, कारण पोस्टग्रेस मूळ मांडणीत क्वेरींना लागलेला वेळ लॉगमध्ये लिहीतच नाही. फरक इतकाच की लॉगची योग्यता एका सेटिंगने बदलता येते.

ही सारी योग्यता साधून ओळ नाही असे ठरले, तरी ती आलीच नव्हती की येऊन पुसली गेली, हे उरतेच. नैयायिक पहिल्याला प्रागभाव आणि दुसऱ्याला प्रध्वंसाभाव म्हणतात, आणि रिकाम्या उत्तरात दोन्ही सारखेच दिसतात. पोस्टग्रेसमध्ये पुसलेली ओळ व्हॅक्यूम ही सफाई होईपर्यंत टेबलातच पडून असते. त्यानंतर बदलांच्या जपून ठेवलेल्या नोंदी असल्या तरच निवाडा होतो. अनुक्रमांकांत पडलेली फटही साक्ष देत नाही, कारण मागे घेतलेल्या व्यवहाराने उचललेला क्रमांक परत येत नाही. त्या मागे घेतलेल्या व्यवहारातील ओळ तर ती लिहिणाऱ्यापुरती काही क्षण होती आणि इतर सर्वांच्या लेखी कधीच नव्हती. वस्तूचे असणे पाहणाऱ्यावर अवलंबून नाही असे मानणाऱ्या नैयायिकाने तिला कोणत्या अभावात घालावे, हे सोपे नाही.