गिरजा, चर्च आणि मंडळी



"आमच्या गावी चर्च नाही," असे पुष्कळ बांधव खेदाने म्हणतात. इमारत नाही, घंटा नाही, एवढाच त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. परंतु हे नाव आरंभी कशास लावीत असत हे समजले म्हणजे त्यांचा खेद दूर होईल. आणि ज्यांच्या गावी उत्तम इमारत आहे त्यांच्या मनास कदाचित थोडी टोचणी लागेल.

'चर्च' हा इंग्रजी शब्द 'प्रभूचे' अशा अर्थाच्या ग्रीक 'कुरिआकोन' शब्दापासून आला. 'गिरजा' हा पोर्तुगीज 'इग्रेजा' यावरून आपल्या देशात रूढ झाला. गोव्यात त्याचेच 'इगर्ज' असे रूप चालते. 'इग्रेजा' याचे मूळ ग्रीक 'एक्लेसिया' हा शब्द होय. नव्या करारात हाच शब्द असून मराठी शास्त्रात त्याचे भाषांतर 'मंडळी' असे केले आहे. म्हणजे गिरजा हे नाव मुळात दगडविटांचे नव्हे, माणसांचे आहे.

एक्लेसिया म्हणजे बोलावून जमविलेली सभा. ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभेस हे नाव असे. इफिसातील तशा सभेचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19 यात आहे. नागरिकांच्या त्या सभेत दासांस व स्त्रियांस अधिकार नसे. प्रभूच्या लोकांनी नाव तेच घेतले, पण दार सर्वांस उघडे केले. फिलेमोनाच्या घरी मंडळी जमत असे. त्याचा दास अनेसिम यास पौलाने परत पाठविले, ते दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून. आणि ते पत्र त्याने फिलेमोनाबरोबर त्याच्या घरच्या मंडळीसही उद्देशून लिहिले. कारण बंधूला जागा देणे हे साऱ्या मंडळीचे काम होते.

सीरिया देशात फरात नदीकाठी द्युरा-युरोपस येथे उत्खननात 1932 साली असे एक घर सापडले. सुमारे इ. स. 240 च्या वेळी ते उपासनेसाठी तयार केलेले होते. दोन खोल्यांमधली भिंत पाडून तेथे एक सभागृह केले होते.

बंधूंनो, आपल्यातील कित्येकांच्या वाडवडिलांस गावच्या देवळाची पायरी चढू देत नसत. ते दुःख ज्यांच्या घराण्याने सोसले त्यांनीच, हा कोणत्या जातीतून आला हे पाहून उपासनेत सतरंजी निराळी अंथरावी काय? प्रभुभोजनाचा पेला आधी कोणी घ्यावा असा वाद घालावा काय? तसे केले, तर शिखर कितीही उंच असो, तेथे मंडळी नाही. उलट लिंबाच्या झाडाखाली पाच जण एका घोंगडीवर बसून प्रार्थना करीत असतील, तर त्या गावी चर्च आहे.

उपदेशक बंधूंनी येत्या प्रभुवारी फिलेमोनाच्या पत्राची पंचवीसही वचने मोठ्याने वाचून दाखवावी, आणि प्रत्येकाने आपणांस विचारावे : मी कोणास अजून दाराबाहेर उभे ठेविले आहे? आपल्यातील मधली भिंत पाडण्यास प्रभू आपणांस बळ देवो. आमेन.