ज्या सल्ल्यात आपली मिळकत नसते

हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या हातात मोठी रक्कम वर्षातून दोनदाच येते. एक दिवाळीच्या आगेमागे, सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर, आणि दुसरी उन्हाळ्यात, वसमतला किंवा हिंगोलीला हळद विकल्यावर. जूनच्या सुमारास लावलेली हळद निघते, शिजते, वाळते, पॉलिश होते आणि मग कुठे तिची पट्टी हातात पडते. त्या पट्टीची वाट कृषी केंद्रवाला बघत असतो, सावकार बघत असतो, घरात ठरलेलं लग्न बघत असतं. आणि गुंतवणुकीचा सल्ला देणारी आम्ही मंडळीही बघत असतो.

मी अशाच एका छोट्या कार्यालयात नोकरी करतो. म्युच्युअल फंड, विमा, निवृत्तीचं नियोजन अशी कामं. पगार ठरलेला, टार्गेट पूर्ण झालं तर वर काही. या कामात समाधान आहे, आणि ते खोटं नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या गुरुजींना जुनी पेन्शन योजना लागू नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तो याच प्रश्नावर. असे नवराबायको समोर बसतात, साठीनंतर महिन्याला किती लागेल याचा हिशेब कागदावर मांडतात, आणि संसारात पहिल्यांदाच पैशाबद्दल एकमेकांशी मोकळं बोलतात. मुदत विमा असलेल्या घरातला कर्ता गेला, तर निदान सावकाराचं तोंड बघायची वेळ त्या घरावर येत नाही. हे घडताना पाहिलं की आपलं काम उपयोगाचं आहे असं मनापासून वाटतं.

पण मनाला विचारायचा प्रश्न निराळाच आहे. माझा पगार कोण देतं? समोर बसलेले मामा आम्हाला रुपया देत नाहीत. पैसे येतात ते फंड कंपनीकडून आणि विमा कंपनीकडून. म्युच्युअल फंडात सुरुवातीला कापला जाणारा प्रवेशभार सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून बंद केला, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात आगाऊ कमिशनलाही आळा घातला. आता पैसे गुंतलेले राहतील तोवर वर्षाला साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी मिळतं. उलट काही पारंपरिक विमा योजनांत पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, विकणाऱ्याकडे जातो. म्हणजे हळदीच्या पट्टीतला एक लाख एका रस्त्याने नेला तर आमच्याकडे वर्षाला हजाराच्या आतबाहेर येतात, दुसऱ्या रस्त्याने नेला तर पंचवीस हजार. बसणारा माणूस तोच, खुर्ची तीच, आणि दोन्ही फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये. मार्चअखेरीस वरिष्ठ रोज संध्याकाळी आकडा विचारतात, तेव्हा हा फरक डोक्यात नसतो असं मी म्हणणार नाही.

आणि तिसरा रस्ता आहे, ज्यात काहीच मिळत नाही. गावाकडे खासगी कर्ज आजही शेकडा तीन रुपयांनी चालतं. महिन्याला तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. एवढा परतावा खात्रीने देणारा फंड जगात नाही. तेव्हा ज्याच्या डोक्यावर असं कर्ज आहे त्याच्यासाठी सर्वांत चांगली गुंतवणूक म्हणजे ते फेडून टाकणं. तसंच पीककर्जाचं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज लागत नाही. ते थकवून एसआयपी सुरू करणं हा घाट्याचा सौदा आहे. उरलं त्यातून घरखर्च आणि पेरणीचे पैसे बँकेत बाजूला ठेवावेत. हा सगळा सल्ला दहा मिनिटांत देऊन होतो आणि त्यातून आमच्या कार्यालयाला एक पैसा मिळत नाही. म्हणूनच माझी पारख करायची तर ती या दहा मिनिटांवर व्हावी असं मला वाटतं.

मी हा सल्ला देतो. पण त्याचं श्रेय घ्यायला मन धजत नाही, कारण हिंगोलीसारख्या गावात प्रामाणिकपणाही शेवटी फायद्याचाच ठरतो. आज ज्याला सावकार फेडायला सांगितलं तो दोन वर्षांनी भावाला घेऊन येतो. मग ही नीती की दूरचा धंदा? मनाला कितीही टोकलं तरी दोन्ही एकमेकांत मिसळलेले सापडतात. खरी पारख त्याच्याही पलीकडे आहे. अकोला-नांदेड महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन जाऊन मावेजा मिळालेला माणूस आला की खुर्ची पुसली जाते, चहा येतो, साहेब केबिनमधून बाहेर येतात. धुण्याभांड्याच्या कामातून पाच हजार साठवलेल्या मावशी येतात, तेव्हा त्यांनाही तोच वेळ मिळतो का? त्या कुणाला घेऊन येणार नाहीत, त्यांच्या पाच हजारांवर फोनचा खर्चही निघणार नाही. तिथे मी कसा बोलतो, यावरून मला माझं उत्तर कळतं. ते रोज सारखं नसतं.

बाजार पडतो तेव्हाची परीक्षा त्यामानाने सोपी. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला, पंचवीस हजारांच्या घरात आला. लोक घाबरून फोन करतात तेव्हा धीर द्यायचा असतो, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बाजार जुन्या पातळीच्या वर गेला. अवघड असतं ते लोक खुशीत असताना गप्प न बसणं. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचा कारभार २०२३ च्या अखेरीस अडखळला आणि ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या कमाया अडकल्या. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. ही साधी गोष्ट चढं व्याज मिळत असताना कुणाला ऐकायची नसते. सांगणारा वाईट दिसतो. तरी ती सांगणं हे आमचं कामच आहे.

नामदेवमहाराजांचं नरसी आमच्याच जिल्ह्यातलं, आणि विसोबा खेचरांचं औंढाही. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली, नामदेवांना राग आला आणि त्यांचं मडकं कच्चं ठरलं, ही कथा इथे लहान पोरालाही माहीत असते. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो: नामदेवांनी शेवटी तो निकाल मानला आणि विसोबांना गुरू करायला औंढ्याची वाट धरली. आमच्या धंद्यात थापटणं गिऱ्हाइकाच्या हातात असतं, पण ते उगारायला लोक लाजतात. साहेबांना कसं विचारावं, असं त्यांना वाटतं.

वाचकहो, लाजू नका. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी समोरच्याला, मग तो मी असलो तरी, सरळ विचारा: यातून तुम्हाला पहिल्या वर्षी किती मिळणार आणि नंतर दरवर्षी किती? आकडा रुपयांत लिहून मागा. तो सांगायला जो का-कू करेल किंवा चिडेल, त्याच्याकडे सही न करता उठून या.