बिलाल (रजि.) यांची अजान

१९ जून १८६५ रोजी अमेरिकेतील टेक्सासमध्ये गुलामांच्या मुक्तीचे फर्मान वाचले गेले. तेथील कृष्णवर्णीय तो दिवस आजही साजरा करतात. हा आनंद आपल्याला परका कसा? हबशी मलिक अंबर गुलाम म्हणून विकले गेले, पुढे निजामशाहीचे सूत्रधार झाले. खुलताबादला त्यांची कबर आहे. मक्का जिंकल्यावर प्रेषितांनी (स.) काबागृहावरून अजान देण्यास सांगितले ते हजरत बिलाल (रजि.) यांना, एकेकाळच्या हबशी गुलामाला! ही कथा आपण लेकरांना अभिमानाने सांगतो; आणि स्थळ पाहताना मुलीचा रंग विचारतो. पारोळ्यातल्याच एका घरचा निरोप माझ्याकडे आहे : "इमामसाहेब, मुलगी दीनदार आहे, पण सावळी, दुसरी सुचवा." उत्तर अद्याप दिलेले नाही.