रांग माणसांची की वाहनांची?

व्हाइटफील्डहून बंगळूर शहरात येणाऱ्या पुष्कळांस कृष्णराजपुरमचा पूल ओलांडावा लागतो. लोक त्यास झुलता पूल म्हणतात. वस्तुतः लोहमार्गावर पोलादी तारांनी तोलून धरलेला हा पूल २००३ साली खुला झाला तेव्हापासून तसूभरही झुललेला नाही. झुलते ते त्यावरील माणसांचे धैर्य. कारण पुलाच्या शहराकडील अंगास, टिन फॅक्टरीच्या नाक्यावर, जुना मद्रास रस्ता व बाह्य वर्तुळ रस्ता एकमेकांत मिसळतात.

तेथे न्याय एकच: जो आधी आला तो आधी जाईल. आपणां कचेरीतल्या मंडळींस हा न्याय वंद्यच वाटावयाचा. आवक क्रमांकाप्रमाणे कागद निघावा, यापरता निःपक्षपात कोणता? परंतु या रांगेत क्रम लागतो तो माणसाचा नव्हे, वाहनाचा. दोन वाहनांत दोन सेकंदांचे अंतर धरले तर एका पट्ट्यातून तासाला १८०० मोटारी जातील; प्रत्येकीत एकटा धनी बसलेला असेल तर माणसे १८००च. याउलट त्याच पट्ट्यावरून मिनिटास एक बस गेली, आणि तीत साठ जण असले, तर तासाला ३६०० माणसे पार होतात, आणि पट्टा मात्र बहुतेक वेळ रिकामा दिसतो! साठांचा सामाईक अर्ज आणि एकट्याचा अर्ज यांस आपण एकाच मापाने मोजतो, व त्यास समता म्हणतो.

सिल्क बोर्डपासून इकडे वर्तुळ रस्त्यावर २०१९ साली बससाठी पट्टा राखला होता. मेट्रोच्या बांधकामात तो टिकला नाही. ती मेट्रो २५ मार्च २०२३ रोजी व्हाइटफील्डहून कृष्णराजपुरमपर्यंत आली. पुढचा दुवा ९ ऑक्टोबरला जुळला. मधल्या काळात, ज्यांनी रस्त्यावर एकही मोटार आणली नाही अशा प्रवाशांस येथे उतरून बसने बैयप्पनहळ्ळी गाठावी लागे, म्हणजे इतरांच्या मोटारींमागेच तिष्ठावे लागे.

रस्ता रुंद करा, असे सुचविणारे भेटतातच. गर्दीच्या वेळी नवा रस्ताही भरून जातो, हे अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखविले आहे. असो.

तरीही बसला अग्रक्रम द्यावा असे मी म्हणतो तेव्हा एक अडचण उरते. मोटारीतला प्रत्येक जण सुखासीन नसतो. वृद्ध आईस रुग्णालयात नेणारा, रात्रपाळी संपवून परतणारी स्त्री, ज्यांच्या गल्लीत बस फिरकतच नाही असे कित्येक त्या रांगेत आहेत. बस त्यांच्या दारापर्यंत पोहोचविण्याआधीच त्यांस मागे थांबविणे मला जड जाते; आणि साठ जणांस आजच्याप्रमाणे थांबवून ठेवणे त्याहून जड जाते.