रक्तातला धूर

फुल बॉडी चेकअपचा रिपोर्ट हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन येतो. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह हे ओळखीचे आकडे स्क्रोल करत गेलं की कधी कधी मध्येच एक ओळ भेटते: एचएस-सीआरपी. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. वजन जास्त असलेल्या किंवा मधुमेह असलेल्या माणसांचा हा आकडा बऱ्याचदा वरच्या बाजूला झुकलेला असतो.

मग घरात त्याचा अर्थ लावला जातो. रिपोर्ट वाचता आला नाही तरी अर्थ लावता येतोच. "सांगत होते ना, तोंडावर ताबा ठेव!" लग्नाच्या पंगतीत तर रिपोर्टचीही गरज नसते. "काय गं, किती सुटलीस!" असं म्हणणारी आत्या त्याच वेळी ताटात आग्रहाने जिलबी वाढत असते. आत्याचा विषय बाजूला ठेवू. तिचं प्रेम खरं आहे. पण रक्तातल्या एका खुणेवरून किंवा दिसणाऱ्या पोटावरून माणसाच्या स्वभावाचा निकाल लावायचा हक्क आपल्याला कुठून मिळतो, हे मला कळत नाही.

आधी ही खूण काय आहे ते पाहू. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात जंतू शिरले, जखम झाली, की ते झपाट्याने वाढतं आणि दुखणं सरलं की उतरतं. गुडघा फुटल्यावर तो लाल होतो, सुजतो, गरम लागतो, दुखतो. तोच दाह, आणि तो आपल्या भल्याचाच असतो. लठ्ठपणात जे दिसतं ते वेगळं. जखम नाही, ताप नाही, पण दाह वर्षानुवर्षं मंद धुमसत राहतो. चूल विझवली असं वाटावं आणि राखेखाली निखारे असावेत, तसा.

चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेलं धान्य, अशी समजूत होती. १९९३ साली हॉटामिस्लिगिल, शारगिल आणि स्पिगेलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा नावाचा दाहाचा संदेश देणारा रेणू तयार होतो, आणि तो निष्प्रभ केला की इन्शुलिनचं काम सुधारतं. २००३ मध्ये पुढचा तुकडा सापडला: चरबी वाढते तशा तिच्यात प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी गर्दी करतात. फुगलेल्या, मरू घातलेल्या चरबीच्या पेशींभोवती त्या कोंडाळं करून बसतात आणि रसायनं सोडत राहतात. त्यांतली काही इन्शुलिनच्या आड येतात. काही यकृताला निरोप देतात, आणि यकृत सीआरपी बनवतं. म्हणजे लॅबच्या कागदावर येतो तो धूर. आग दुसरीकडे आहे.

धूर आणि आग म्हटलं की न्यायदर्शन आठवतं. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे नैयायिकांचं आवडतं उदाहरण. पण उलटं म्हणता येत नाही, हेही त्यांनीच बजावलं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला त्यांनी नाव दिलं 'उपाधी'. (मराठीत याच शब्दाचा अर्थ पदवीही होतो आणि नसती कटकटही. दोन्ही एकदम अनुभवलेले पीएचडीवाले ओळखीत असतीलच.) दोन गोष्टी एकत्र दिसल्या की घाई करू नका, मध्ये कुणी तिसरं आहे का ते बघा, एवढं साधं हे सांगणं आहे.

सीआरपीचं नेमकं हेच झालं. ज्यांचा सीआरपी जास्त, त्यांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण जास्त, हे २००१ मध्ये अमेरिकेतल्या महिलांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. मग सीआरपीच गुन्हेगार का? काही माणसांची जनुकंच अशी असतात की त्यांचा सीआरपी जन्मभर थोडा वर राहतो. तोच दोषी असता, तर या माणसांना मधुमेह जास्त व्हायला हवा होता. २००८ साली ब्रिटनमध्ये हे तपासलं गेलं, आणि तसं आढळलं नाही. हेच ते लोखंडाचे गोळे: आग आहे, ओलं सरपण नाही, धूर नाही. दाहाचा मधुमेहात काहीच हात नाही, असा याचा अर्थ नव्हे. मूळ सीआरपीच्या बरंच आधी, वरच्या अंगाला आहे, एवढाच निष्कर्ष निघतो.

एका प्रथिनाला निर्दोष ठरवायला शास्त्रज्ञांनी इतकी वर्षं घातली. माणसाच्या बाबतीत आपण पाच सेकंदही देत नाही. जाड आहे, म्हणजे आळशी. साखर झाली, म्हणजे खाण्यावर ताबा नव्हता. मधली उपाधी कोण शोधतं? रात्रपाळी, अपुरी झोप, वजन वाढवणारी औषधं (कधी कधी खुद्द मधुमेहावरचं इन्शुलिनच), जनुकं, स्वस्त तळलेलं आणि महाग फळ.

आणि त्याहून जुन्या गोष्टी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, बेताचं खाणाऱ्या बायका. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण पुण्याकडच्या बाळांत जे कमी होतं ते मुख्यतः स्नायू आणि अवयव. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला काटकुळं, आतून चरबीदार. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. आत्याच्या नजरेतून दोघंही सुटले असते. आता त्या २.७ किलोच्या बाळाला पुढे मधुमेह झाला, तर तोंडावर ताबा कुणी ठेवायला हवा होता? अर्धपोटी आईने?

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा माग आजवर ठेवला गेला आहे. लहानपणी ज्यांना मारहाण, हेळसांड सोसावी लागली, त्यांच्यात बत्तिसाव्या वर्षी सीआरपी जास्त असण्याचं प्रमाण अधिक होतं, आत्ताच्या सवयी हिशोबात धरल्या तरी.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सगळ्याला कारणं आहेत म्हटलं की माणसाच्या हातात उरतं काय? मी तरी मग चालायला कशाला जाऊ? आक्षेप खरा आहे, कारण चालण्याने फरक पडतो. २००२ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी थोडं वजन उतरवलं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम केला, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन गोळीने ३१ टक्क्यांनी. सीआरपीही उतरला. पण त्या लोकांना नुसतं "कमी खा" सांगून सोडलं नव्हतं. प्रत्येकाच्या मागे एक शिकवणारं माणूस होतं, समोरासमोर बसून सोळा धडे होते, अडला तर मदत होती. त्यांनी जबाबदारी घेतली, कारण ती पेलायला कुणीतरी हात दिला होता. दोष द्यायला असलं काहीच लागत नाही, म्हणून तो आपल्याकडे इतका मुबलक असावा.

शिवाय दोष फुकट जात नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या प्रयोगात, निरोगी माणसांना ज्या प्रसंगाबद्दल ती स्वतःला दोष देतात त्याबद्दल तीन दिवस लिहायला सांगितलं. ज्यांना लाज जास्त वाटली, त्यांच्यात दाहाशी संबंधित एका खुणेची पातळीही वाढलेली दिसली. एका छोट्या प्रयोगावर इमला बांधू नये, हे वर नैयायिकांकडून शिकूनच आलो आहोत. तरीही पंगतीत "किती सुटलीस" म्हणण्याआधी क्षणभर थांबायला तो पुरेसा आहे.

आणि तुमच्याच रिपोर्टात हा आकडा १० च्या वर दिसत असेल, तर आधी आठवून बघा: गेल्या पंधरवड्यात सर्दी-ताप झाला होता का, दात दुखत होता का? इतका वर गेलेला सीआरपी बहुधा अशाच एखाद्या चालू दुखण्याचा असतो. डॉक्टर दोनेक आठवडे थांबून तपासणी पुन्हा करायला सांगतात.